जोत्यावर जोतं

इंडोनेशियातल्या मध्य जावा प्रांताची राजधानी सेमारांग हे जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं सुमारे साडेसोळा लाख वस्तीचं बंदराचं शहर. शहराच्या पूर्व टोकाला कालिगावे, तेर्बोयो, गेनुक हे कारखान्यांचे आणि गोदामांचे भाग लागतात. कापड, तयार कपडे, लाकडी सामान, खाद्यपदार्थ असा बराच माल इथे तयार होतो आणि त्यांच्यामधून ‘पांतुरा’ हा उत्तर किनाऱ्याचा महामार्ग अवजड ट्रकांची रांग घेऊन जातो. याच रस्त्याने पूर्वेला निघालं की महापालिकेची हद्द संपते आणि देमाक जिल्ह्याचा सायुंग तालुका सुरू होतो. कारखाने मात्र हद्दीपाशी थांबलेले नाहीत, ते रस्त्याच्या कडेकडेने देमाकमध्येही पुढे सरकले आहेत. रस्ता सोडून उत्तरेला, समुद्राच्या दिशेने काही किलोमीटर गेलं की तिंबुलस्लोको हे गाव येतं. त्याच्या किनाऱ्यालगतच्या वाडीत आज घरांच्या मधली जमीन दिसत नाही. घरं पाण्यात उभी आहेत आणि एका घरातून दुसऱ्या घरात, घरातून मशिदीत, मशिदीतून कबरस्तानात जायला लाकडी साकव घातलेले आहेत. भरतीचं पाणी वस्तीत शिरतं त्याला जावाच्या या किनाऱ्यावर ‘रोब’ म्हणतात. इतर गावांत रोब येतो आणि जातो. इथे तो आला आणि राहिला.

या गावाची छायाचित्रं गेल्या काही वर्षांत जगभर छापून आली आणि बहुतेकांखाली एकच मजकूर होता: हवामान बदलामुळे चढलेल्या समुद्राने गिळलेलं गाव. हा मजकूर अगदीच खोटा नाही, पण तो मुख्य गोष्ट झाकतो. तिंबुलस्लोको बुडालं ते मुख्यतः समुद्र वर आला म्हणून नव्हे, तर त्याच्याखालची जमीन खाली गेली म्हणून. जमीन खाली जाण्याच्या कारणांत सर्वांत मोठा वाटा आहे शेजारच्या शहराने आणि उद्योगांनी जमिनीच्या पोटातून वर्षानुवर्षं काढलेल्या पाण्याचा. कारणाचं नाव बदललं की जबाबदार कोण, भरपाई कोणी द्यायची आणि उपाय कुठे करायचा, ही तिन्ही उत्तरं बदलतात. म्हणून हा फरक नीट तपासून पाहायला हवा.

पहिला पुरावा घरांतच आहे. जावाच्या किनाऱ्यावरचं जुनं घर लाकडी भिंतींचं, उतरत्या कौलारू छपराचं आणि जमिनीसरशी जोत्याचं असतं. तिंबुलस्लोकोत पाणी घरात येऊ लागलं तेव्हा लोकांनी माती आणून जोतं वाढवलं. काही वर्षांनी पाणी पुन्हा उंबरठ्यावर आलं तेव्हा त्यावर आणखी भराव घातला. मग भराव परवडेना, तेव्हा घराच्या आत लाकडी फळ्यांची जमीन घातली आणि तीही पुढे वर सरकवावी लागली. छप्पर मात्र जागच्या जागी राहिलं. आता अनेक घरांत मोठ्या माणसाला वाकून दारातून आत जावं लागतं, खिडकीचा खालचा काठ जमिनीला टेकलेला असतो आणि आढं हाताला लागतं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी छप्पर उचलून घेतलं, बाकीचे वाकून वावरतात. समुद्र किनारा खातो तेव्हा तो काठावरून खातो. जमिनीचा तुकडा कडेने ढासळतो, झाडं आडवी होतात, घर पडतं. उभ्या घराच्या खिडकीचा काठ पाण्याच्या पातळीला आणून ठेवणं हे धूप होण्याचं लक्षण नाही. घर न पडता सबंध खाली गेलं आहे, हे त्या वाकलेल्या माणसावरून कळतं. हाच प्रकार किनाऱ्यापासून दूर, पांतुरा रस्त्यावरही दिसतो. सायुंगजवळ तो रस्ता पुन्हा पुन्हा उंच करावा लागला आहे, आणि दर वेळी त्याच्या कडेची दुकानं आणि घरं रस्त्याच्या पातळीखाली गेली आहेत.

दुसरा पुरावा आकड्यांचा. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्रांची सरासरी पातळी वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटरने वाढली. सेमारांगच्या ईशान्य भागात आणि सायुंगच्या किनाऱ्यावर जमीन खचण्याचा वेग वेगवेगळ्या मोजण्यांत वर्षाला काही सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत भरला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहावरच्या रडारच्या साहाय्याने जगातल्या ९९ किनारी शहरांची २०१५ ते २०२० या काळातली हालचाल तपासली गेली. त्यात सर्वांत वेगाने खचणाऱ्या शहरांत चीनमधलं तिआंजिन, सेमारांग आणि जकार्ता ही नावं होती आणि तिन्ही ठिकाणी वेग वर्षाला तीन सेंटीमीटरच्या पुढे होता. वीस वर्षांचा हिशेब केला तर समुद्राने या काळात सात-आठ सेंटीमीटर दिले असतील आणि जमिनीने, जिथे वेग जास्त आहे तिथे, दीड-दोन मीटर. जावाच्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक फार तर मीटरभराचा असतो आणि जमीन इतकी सपाट आहे की अर्ध्या मीटरने पाणी कितीतरी आत सरकतं. अशा ठिकाणी दोन मीटर म्हणजे शेतजमीन आणि समुद्रतळ यांतला फरक. समुद्रपातळीची वाढ खरी आहे आणि पुढच्या शतकात ती या किनाऱ्याला आणखी छळणार आहे. पण आजवर जे झालं त्याचं बिल तिच्या नावावर फाडणं हिशेबाला धरून नाही.

जमीन खचते कशी हे समजायला तिचा जन्म पाहावा लागतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस देमाक हे जावातलं पहिलं इस्लामी राज्य उभं राहिलं. तिथली मोठी मशीद आजही यात्रेकरूंनी भरलेली असते. देमाक तेव्हा बंदराचं राज्य होतं, कारण मुरिया पर्वत आणि जावाचं मुख्य बेट यांच्यामध्ये समुद्राची एक अरुंद पट्टी होती आणि जहाजं तिच्यातून जात. नद्यांनी आणलेल्या गाळाने ती सामुद्रधुनी भरत गेली, मुरिया जावाला जोडला गेला आणि देमाक आत जमिनीवर राहिलं. सेमारांगचा किनाराही असाच पुढे सरकला. डच भूवैज्ञानिक फान बेमेलेन यांच्या हिशेबाने अडीच शतकांत सुमारे दोन किलोमीटर, म्हणजे वर्षाला आठ मीटरच्या आसपास. ज्या भूमीवर आज सेमारांगचे कारखाने आणि सायुंगची गावं आहेत ती भूमी म्हणून भूशास्त्राच्या दृष्टीने अगदी कोवळी आहे. तिच्यात मऊ चिकणमातीचे जाड थर आहेत आणि त्यांच्याखाली, मधूनमधून, वाळूचे पाणी धरणारे थर. अशा मातीत कणांच्या मधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात आणि वरच्या जमिनीचं वजन कण आणि पाणी दोघं मिळून पेलतात. खालच्या वाळूतलं पाणी उपसलं की तिथला दाब उतरतो, चिकणमातीतलं पाणी हळूहळू त्या बाजूला झिरपतं आणि जो भार पाणी पेलत होतं तो कणांवर येतो. कण एकमेकांवर दाबून बसतात, थर आकसतो, वरची जमीन खाली येते. हे आकसणं बहुतांशी परत फिरत नाही. पुढे कधी वाळूत पाणी भरलं तरी आवळलेली चिकणमाती पूर्ववत फुगत नाही. त्यामुळे उपसा थांबवून पुढचं नुकसान टळतं, मागचं भरून येत नाही. उशिराची किंमत या एका गोष्टीत आहे.

सेमारांगमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोल विहिरी मोजक्या होत्या. १९८० च्या दशकापासून उद्योग वाढले, १९८५ मध्ये तांजुंग एमास हे नवं बंदर सुरू झालं, हॉटेलं आणि वसाहती आल्या, आणि नळाचं पाणी मात्र या वाढीच्या मागे राहिलं. कापड रंगवायला, धुवायला, मासळी साफ करायला, बॉयलर चालवायला पाणी लागतं आणि ते रोज, त्याच दर्जाचं, न चुकता लागतं. पायाखाली ते होतं. २००० पर्यंत शहरातल्या नोंदलेल्या खोल विहिरींची संख्या हजाराच्या वर गेली होती आणि त्यांतून वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख घनमीटर पाणी निघत होतं, म्हणजे रोजचे लाखभर घनमीटर. नोंद नसलेल्या विहिरी यात धरलेल्या नाहीत. उपसा एका ठिकाणी झाला तरी पाण्याचा दाब चहूबाजूंनी उतरतो. जमिनीखालच्या या उताराला महापालिकेची हद्द ठाऊक नसते. कारखान्याच्या आवाराखालचं पाणी कमी होतं तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातल्या मिठागरांखालचं आणि भातखाचरांखालचंही कमी होतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो सबळ आहे. तिंबुलस्लोकोच्या लोकांनी स्वतःच आपलं संरक्षण तोडलं, असं म्हटलं जातं. गावात पूर्वी भात होत असे, नारळ होते, भाजीपाला निघे. १९८० च्या दशकात कोळंबीला परदेशात मोठा भाव आला तेव्हा जावाच्या सबंध उत्तर किनाऱ्यावर खारफुटी कापून तलाव खणले गेले. या तलावांना ‘ताम्बाक’ म्हणतात. कोकणातल्या खारभूमीच्या बांधांची ज्यांना ओळख आहे त्यांना त्यांची रचना चटकन कळेल: मातीचे बांध, भरतीचं पाणी आत घेणारी उघाडी, आत कोळंबी किंवा सेमारांगच्या खवय्यांचा आवडता बांदेंग मासा. काही वर्षं पैसा आला, मग रोग आले, बांध फुटू लागले. खारफुटी नसल्याने लाटा थेट मातीवर आदळू लागल्या. त्यातच बंदराच्या बांधकामांनी आणि भरावांनी किनाऱ्याकाठच्या गाळाची वाट अडवली. गाळ येणं कमी झालं आणि जाणं वाढलं. ही सगळी साखळी खरी आहे आणि किनारा आत सरकण्याची सुरुवात तिने केली हेही खरं आहे.

पण आक्षेप जिथे थांबतो तिथून पुढे पाहायला हवं. केवळ खारफुटी तोडल्याने किनारा आत गेला असता तर खारफुटी परत लावून तो परत मिळवता आला असता, आणि हे या किनाऱ्यावर खरोखर करून पाहिलं गेलं आहे. २०१५ पासून काही वर्षं देमाकच्या सुमारे वीस किलोमीटर किनाऱ्यावर ‘बिल्डिंग विथ नेचर’ हा प्रकल्प चालला. इंडोनेशियाचं सागरी व मत्स्य मंत्रालय, वेटलँड्स इंटरनॅशनल, इकोशेप आणि इतर संस्था त्यात होत्या. कल्पना सुंदर होती. समुद्रात काँक्रीटची भिंत न बांधता बांबूच्या खांबांच्या दुहेरी ओळी रोवायच्या, मध्ये फांद्यांची भरण करायची, लाट त्यांतून गाळून आत येते, तिचा जोर मोडतो, गाळ खाली बसतो. पुरेसा गाळ साठला की खारफुटीचं बी आपसूक रुजतं. त्याच्या जोडीला तलाव करणाऱ्यांना शेतीशाळांतून नवी पद्धत शिकवली गेली आणि काही तलाव खारफुटीसाठी सोडायला मोबदला दिला गेला. काही ठिकाणी गाळ साठला, रोपं उगवली, तलावांचं उत्पन्न वाढलं. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निवडलेल्या परिसंस्था पुनरुज्जीवनाच्या पहिल्या दहा आदर्श उपक्रमांत या प्रकल्पाचं नाव होतं. मात्र प्रकल्प चालवणाऱ्यांनाच हे सांगावं लागलं की जमीन अपेक्षेपेक्षा फार वेगाने खचते आहे. सावकाश बसणारा गाळ त्या वेगाची बरोबरी करू शकत नाही आणि भूजलाचा उपसा आवरल्याशिवाय खारफुटीचा पट्टा टिकणार नाही. खारफुटीच्या रोपाला दिवसाचे काही तास उघडी जमीन लागते. तीच दर वर्षी काही सेंटीमीटर बुडत असेल तर रोप गुदमरतं. गावकऱ्यांच्या चुकीची दुरुस्ती करता येत होती आणि ती करायला लोक तयारही झाले. जी गोष्ट त्यांच्या हातात नव्हती ती आड आली.

दुसरा आक्षेप भूशास्त्राचा आहे: कोवळा गाळ आपल्याच भाराने बसतोच, त्यावर इमारती आणि भराव आले की आणखी बसतो, मग पाण्यालाच दोष का? बसतो हे बरोबर. पण इतर शहरांचा अनुभव इथे निर्णायक आहे. टोकियोचा पूर्वेकडचा सखल भागही अशाच मातीवर वसलेला आहे आणि विसाव्या शतकात तिथल्या कोतो भागातली काही ठिकाणं चार मीटरहून अधिक खचली. १९५६ मध्ये जपानने औद्योगिक वापराच्या पाण्याचा कायदा केला, कारखान्यांना दुसरं पाणी नळाने पुरवायला सुरुवात केली, विहिरींवर बंधनं आणली, आणि १९७० च्या दशकात खचणं झपाट्याने कमी होत जवळजवळ थांबलं. माती तीच होती, इमारती उलट वाढल्या होत्या. बदलला होता तो फक्त उपसा. शांघायने १९६० च्या दशकात उपसा कमी केला आणि हिवाळ्यात पाणी उलट जमिनीत सोडलं, तिथेही वेग घसरला. बँकॉकने १९७७ मध्ये भूजलाचा कायदा केला आणि पुढे भूजलाचा दर नळाच्या पाण्यापेक्षा महाग होईपर्यंत वाढवला. तिथे परिणाम उशिरा, पण नक्की दिसला. नैसर्गिक बसणं हे मुख्य कारण असतं तर या तिन्ही शहरांत कायद्याने काहीच फरक पडला नसता.

आणखी एक प्रश्न उरतो आणि तो टाळणं अप्रामाणिक होईल. गावंही पाणी उपसतात. सायुंगच्या किनारी गावांत उथळ विहिरींचं पाणी खारट झालं तेव्हा सामाईक खोल कूपनलिका खणल्या गेल्या आणि लोक तेच पितात. हे पाणी त्याच थरांतून येतं. गाव आपल्याच पायाखालची जमीन पोखरतं, असं कोणी म्हणेल तर ते शब्दशः चुकीचं नाही. पण एका वाडीच्या पिण्याच्या आणि धुण्याच्या पाण्याची तुलना अखंड तीन पाळ्यांत चालणाऱ्या रंगकामाच्या पाण्याशी होऊ शकत नाही, आणि दुसरा पर्याय कोणाकडे आहे हेही पाहावं लागतं. शहराच्या पश्चिम भागासाठी जातिबारांग धरणाच्या पाण्यावर सेकंदाला हजार लिटर क्षमतेची नळयोजना २०२१ मध्ये सुरू झाली. त्या भागात विहिरी बंद करा असं म्हणायला आता निदान तोंड आहे. पूर्वेकडे, जिथे जमीन सर्वांत वेगाने खचते आणि जिथे कारखाने आणि बुडणारी गावं शेजारी शेजारी आहेत, तिथे त्याच ताकदीची योजना आधी हवी होती. पाण्याचा दुसरा स्रोत न देता विहिरींवर बंदी घातली तर ती कागदावरच राहते. गावकरी तहानलेला राहू शकत नाही आणि कारखाना परवान्याबाहेर पाणी काढण्याची वाट शोधतो.

ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात गेली की तिला वेगळंच वळण लागतं. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत कृषी कायद्याच्या २७ व्या कलमानुसार जमीन नष्ट झाली की तिच्यावरचा मालकी हक्क संपतो. हे कलम लिहिताना नदीने वाहून नेलेला काठ किंवा ज्वालामुखीने बदललेली भूमी डोळ्यांसमोर असेल तर त्यात काही तर्क आहे, कारण निसर्गाने नेलेलं कोणाकडे मागायचं? पण तिंबुलस्लोको किंवा शेजारच्या बेदोनो गावातल्या पाण्याखालच्या शेताला ‘नष्ट जमीन’ म्हटलं की मालक केवळ शेत गमावत नाही, ते का गेलं हे विचारण्याचा आधारही गमावतो. हातात सातबारासारखा कागद आहे, त्यावर कर भरलेला आहे, आणि ज्या तुकड्याचा तो आहे त्यावरून होड्या जातात. ज्या राज्यघटनेच्या ३३ व्या कलमात भूमी आणि पाणी राज्याच्या ताब्यात असून ते लोकांच्या जास्तीत जास्त भल्यासाठी वापरलं जावं असं लिहिलं आहे, तिच्या छायेत हे घडतं. पाण्याचा परवाना देणारं राज्य आणि जमीन नष्ट झाली असं नोंदवणारं राज्य एकच आहे. या दोन नोंदी एका टेबलावर आणून ठेवणं कोणाचं काम आहे, हे मात्र ठरलेलं नाही. उपशाच्या परवान्यात उपसणाऱ्याच्या आवाराचा विचार होतो. हद्दीपलीकडच्या गावातलं जोतं किती खाली जाईल याचा होत नाही.

बेदोनोत याचा शेवट आधीच दिसला. त्या गावाच्या दोन वाड्या, ताम्बाकसारी आणि रेजोसारी सेनिक, १९९९ आणि २००६ मध्ये हलवाव्या लागल्या. सेनिकमधून दोनशेहून अधिक कुटुंबं आत जमिनीकडे गेली. ताम्बाकसारीत शेख अब्दुल्लाह मुद्झाकिर यांची कबर आहे. सभोवती समुद्र आला तरी ती मध्ये उभी आहे आणि भाविक अजून तिथे येतात. सेनिकमध्ये एक कुटुंब मागे राहिलं आणि त्याने वर्षानुवर्षं खारफुटीची रोपं लावली, ती वाढून दाट झाली आणि बगळे तिथे घरटी करू लागले. या कुटुंबाच्या चिकाटीवर खूप लिहिलं गेलं आहे आणि ते रास्त आहे. त्या लिखाणाचा एक दुष्परिणाम मात्र जाणवतो. एका कुटुंबाची चिकाटी हा उपाय आहे असं वाटू लागतं, आणि दोनशे कुटुंबांनी तसं का केलं नाही, असा प्रश्न नकळत त्यांच्याकडे वळतो. त्यांनी ते केलं नाही कारण मुलांची शाळा, प्रसूतीसाठी दवाखाना, मजुरीची जागा आणि पिण्याचं पाणी यांपैकी काहीच खारफुटीत उगवत नाही. तिंबुलस्लोकोतल्या लोकांचा गाव सोडण्यातला अडसर वेगळाच आहे. तिथलं कबरस्तानही पाण्यात गेलं. दफनासाठी ओहोटीची वाट पाहावी लागे, खड्ड्यातलं पाणी उपसत माती टाकावी लागे. पुढे लोकांनी भराव घालून कबरस्तान उंच केलं. ज्या गावाने आपली घरं उंच करणं परवडत नसताना मृतांची जागा उंच केली, त्याला ‘सोडून जा’ म्हणणं सोपं नाही. सोडून जायलाही पैसा लागतो, आणि बुडालेली जमीन विकून तो उभा राहत नाही.

उपाय सगळे समुद्राच्या बाजूला उभे राहत आहेत, कारण शत्रू समुद्र आहे हे गृहीत धरलेलं आहे. सेमारांग ते देमाक हा सुमारे २७ किलोमीटरचा टोल रस्ता त्यांतला सर्वांत मोठा. सायुंग ते देमाक हा त्याचा जमिनीवरचा भाग २०२३ मध्ये सुरू झाला. कालिगावे ते सायुंग हा दुसरा भाग समुद्रातून जातो आणि तोच सागरी भिंतीचं कामही करणार आहे. मऊ तळावर तो उभा राहावा म्हणून लाखो बांबू एकमेकांवर रचून त्याचा पाया केला आहे. आतल्या बाजूला पाणी साठवायला तळी आणि उपसायला पंप. या भिंतीच्या आतल्या कारखान्यांना, रस्त्याला आणि वस्त्यांना आडोसा मिळेल यात शंका नाही आणि त्यांना तो हवाच आहे. तिंबुलस्लोको या भिंतीच्या समुद्राकडल्या बाजूला राहतं. ज्यांच्या उपशाने जमीन खचली ते भिंतीच्या आत आणि ज्यांची खचली ते बाहेर, अशी ही रेषा आखली गेली आहे. आखणाऱ्यांच्या मनात असा हेतू नसेल. खर्च, पायाची ताकद, रस्त्याची वळणं यांचा हिशेब करूनच ती ठरली असणार. पण हिशेबात जे धरलं नाही त्याचा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो. आता याहून फार मोठी, जावाच्या सबंध उत्तर किनाऱ्यावरची महाभिंत बांधण्याचा विचार चालू आहे आणि त्यासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. भिंत बांधल्यावर जर आतली जमीन खचतच राहिली तर भिंतही खचेल, आतलं पाणी बाहेर फेकायला पंप अधिकाधिक मोठे लागतील आणि एका रात्री भिंत फुटली तर आतला भाग बाहेरच्यापेक्षा खोल असेल.

तसं घडून गेलं आहे. २३ मे २०२२ रोजी तांजुंग एमास बंदराजवळचा बांध भरतीच्या वेळी फुटला आणि बंदराच्या औद्योगिक भागात पाणी घुसलं. कामावर असलेले कामगार कमरेइतक्या पाण्यातून बाहेर पडले, कारखाने आणि बंदराचं काम ठप्प झालं. बुडण्याचा हा धोका गावांपुरता नाही, हे त्या दिवशी कारखान्यांच्या दारात कळलं. उद्योगांना आवरलं तर रोजगार जाईल, हा जो नेहमीचा आक्षेप घेतला जातो, त्याचं उत्तर इथेच आहे. तिंबुलस्लोको आणि सायुंगच्या गावांतली तरुण मंडळी याच कारखान्यांत पाळीला जातात. शेत गेलं, तलाव गेले, आता पगारच उरला आहे. त्यामुळे कारखाने बंद करा असं गावात कोणी म्हणत नाही आणि म्हणणं योग्यही नाही. मागणी कारखाना बंद करण्याची नसून त्याचं पाणी बदलण्याची आहे. जपानने कारखाने बंद केले नव्हते, त्यांना दुसरं पाणी दिलं होतं. ते महाग असेल, मालाच्या किमतीत काही भर पडेल. आज ती भर कोणीच देत नाही असं नाही. ती तिंबुलस्लोकोतली माणसं भरावाच्या मातीच्या आणि फळ्यांच्या रूपाने देतातच, फक्त ती कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

करायचं काय हे म्हणून फारसं गूढ नाही. पूर्व सेमारांग आणि सायुंगच्या औद्योगिक पट्ट्याला नळाचं पाणी आधी, मग प्रत्येक खोल विहिरीवर मीटर, मग बँकॉकसारखा चढा दर. गावाच्या खोल कूपनलिकांनाही त्याच योजनेतून पर्याय, म्हणजे पिण्यासाठी पायाखालची माती रिकामी करावी लागणार नाही. बुडालेल्या जमिनीचे जुने हक्क रद्द न करता खचण्याचं कारण ठरेपर्यंत राखून ठेवणं, कारण भरपाईचा दावा त्याच कागदावर उभा राहू शकतो. आणि सर्वांत आधी मोजणी. टोल रस्त्याच्या भिंतीच्या आत जमीन किती खचते याचं मोजमाप होत राहील, कारण रस्ता टिकवण्यासाठी ते लागेल. भिंतीबाहेरच्या तिंबुलस्लोकोत आणि बेदोनोत उंचीच्या कायमच्या खुणा रोवून त्यांची नोंद दर वर्षी उघडपणे प्रसिद्ध करायची असेल तर ते काम समुद्रातला टप्पा पुरा होण्याआधी सुरू व्हायला हवं. एकदा भिंत पुरी झाली की तिच्या बाहेर काय मोजायचं, हा प्रश्न कुठल्याच खात्याच्या कक्षेत उरणार नाही.